पाचवा निबंध

प्रिय शंकासुर,

या नावानं हाक मारण्याचा माझा हक्क अजून शाबूत आहे असं धरून चालतो. पहिल्याच तासाला 'पण सर' म्हणून तू जो हात वर केलास तो पदवी मिळेपर्यंत खाली घेतला नाहीस, तेव्हा मागच्या बाकांनी तुला हे नाव दिलं. मी फक्त ते रूढ केलं. आता तू चाळिशीच्या उंबऱ्यावर आलीस तरी मला दुसरं सुचत नाही. खरं तर फोनच करणार होतो. पण फोनवर तू 'चाललंय सर, बरं चाललंय' याच्या पलीकडे सरकत नाहीस, आणि या खेपेला जे बोलायचं आहे ते बोलताना माझा आवाज धड लागेल याची मला खात्री नाही. गेल्या काही दिवसांत एकामागून एक असे धक्के बसलेत की परवा तुझ्या काकूंनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, घरात पाऊल टाकल्या टाकल्या सुनावलं, "अहो, मिटा तो जबडा, माशी जाईल." औषधांचं दुकान चालवतात, त्यामुळे प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे काही ना काही असतं. यावर नव्हतं.

तू गेल्यापासून इथलं काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. इमारत आहे, पण तिच्यात विद्यापीठ उरलेलं नाही. सगळं शिकवणं ऑनलाइन झाल्यावर खालचा मजला कुरिअरवाल्यांना भाड्यानं दिला. ज्या खोलीत तू युक्तिवादाचे तास घ्यायचीस तिथून आता दिवसभर खोक्यांवर चिकटपट्टी ओढल्याचा चर्र चर्र आवाज येतो. वरच्या मजल्यावर मी, एक खिडकी, एक पडदा आणि पडद्यावर चौकोनांत बसलेले विद्यार्थी. बसलेले म्हणजे काय, कॅमेरे बंद असतात, त्यामुळे चौकोनात माणूस नसतो, त्याचं आद्याक्षर असतं. मी आद्याक्षरांना शिकवतो. ज्या निर्गुण निराकाराबद्दल तरुणपणी पोथ्याच्या पोथ्या वाचल्या, ते मला अखेर असं भेटलं.

त्यात गळ्यात पडलं सचोटी समितीचं अध्यक्षपद. निवडीच्या बैठकीत माझा माइक बंद राहिला होता, आणि मौन म्हणजे संमती हे नेमकं त्याच दिवशी सगळ्यांना आठवलं. समितीत आम्ही चौघं. मी, कायदा शिकवणाऱ्या वकीलबाई, कुलसचिव, आणि संगणक विभागातला एक तरुण, ज्याला सगळे टक्केवारी म्हणतात, कारण कुठल्याही निबंधाबद्दल त्याचं पहिलं वाक्य 'चौतीस टक्के' किंवा 'एकसष्ट टक्के' असंच असतं. इतका मजकूर कुठून कुठून उचललाय ते त्याचं यंत्र सांगतं. आमचं काम म्हणजे वाङ्मयचौर्याचा छडा लावणं, आणि सुरुवातीला मला ते चक्क करमणुकीचं वाटलं. एकानं 'वरील आकृतीत दाखवल्याप्रमाणे' असं लिहिलं होतं आणि वर आकृती सोडाच, रेघसुद्धा नव्हती. एका मुलीनं ऋणनिर्देशात 'रात्रंदिवस साथ देणारी माझी पत्नी' हिचे आभार मानले होते. विचारलं तर म्हणते, "सॉरी सर, घाईत राहून गेलं." काय राहून गेलं, पत्नी? चोरानं निदान घरात शिरण्यापूर्वी दिवा कुठे आहे ते तरी बघावं!

मग आले ते पाच निबंध. पहिल्या वर्षाला विषय दिला होता: ज्याचं दुखणं बरं होणार नाही अशा माणसाला त्याचं सत्य सांगावं का? तपासणीचा नमुना म्हणून वकीलबाईंनी एक गठ्ठा वाचला आणि त्यातले पाच बाजूला काढले. पाचही विद्यार्थी वेगवेगळ्या गावचे, एकमेकांना न ओळखणारे. टक्केवारीचं यंत्र म्हणालं, स्वच्छ. एक वाक्य जुळत नाही. यंत्राकडूनच लिहून घेतले असतील का, असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "नाही सर. यंत्र इतकं भांडत नाही." वकीलबाईंचा हेका मात्र सुटेना. "शब्द वेगळे आहेत हो," त्या म्हणाल्या, "पण चाल बघा. पाच माणसं पाच तऱ्हेचे कपडे घालून आलीत आणि एकाच पायानं लंगडतायत. मागे एकच हात आहे. कुणीतरी विकतंय." आमचा नियम तुला ठाऊक आहे, तुझ्या वेळी तोच होता: निबंध दुसऱ्याकडून लिहून घेतल्याचं सिद्ध झालं तर वर्ष रद्द आणि नाव पटावरून कमी. सवलत एकच. विद्यार्थ्यानं कुणाकडून घेतलं ते स्वतः सांगितलं आणि त्या माणसानं ते कबूल केलं, तर निबंध पुन्हा लिहायची संधी. म्हणजे पाच जणांची वर्षं त्या गठ्ठ्यावर ठेवलेली होती, आणि गठ्ठा माझ्याकडे आला.

भात शिजला का हे बघायला एक शीत पुरतं. मला पहिल्या निबंधाचा पहिला परिच्छेद पुरला. लिहिणाऱ्याचं मत होतं की सत्य सांगावं. पण त्यानं सुरुवात केली ती न सांगणाऱ्यांच्या बाजूनं, आणि ती बाजू अशी मांडली, इतकी मायेनं, की न सांगणाऱ्यांनी त्याला वकीलपत्र द्यावं. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, त्यानं स्वतः मांडलं असतं त्याहून चांगलं. मग त्यात जे खरं आहे ते मोकळेपणी मान्य. मग एकच प्रश्न, ज्यानं सगळं घर कुशीवर वळावं. ही रीत मी तुला शिकवली, मला माझ्या गुरुजींनी शिकवली, त्यात नवल नाही. पण मी शेवटचा परिच्छेद वाचला आणि खुर्चीतून उठून उभा राहिलो. 'माझं म्हणणं चुकीचं ठरवायचं असेल तर पुढील गोष्टी शोधाव्यात,' असं लिहून त्या माणसानं स्वतःला कुठे कुठे पाडता येईल ते सांगितलं होतं. दुसऱ्या निबंधातही तेच. तिसऱ्यात, चौथ्यातही. पाचव्याला तेवढा शेवट नव्हता. पायरी चुकल्यासारखा तो मधेच संपत होता, म्हणून त्याला मी त्यातल्या त्यात निर्दोष ठरवून तळाशी सारला.

शंकासुर, तो परिच्छेद जगात एकाच माणसाचा आहे. आठवतं का, त्यावरून आपण किती भांडलो? मी म्हटलं, वादात उतरायचं आणि शत्रूच्या हातात आपणच काठी द्यायची, हा कुठला शहाणपणा? पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सिद्धान्त. सिद्धान्तापाशी शास्त्र थांबतं, तूही थांब. आणि तू, हात वर करून, अर्थात: "पण सर, काठी दिल्याशिवाय तो मारतोय की नुसता ओरडतोय ते कसं कळणार?" सगळा वर्ग हसला. मी चिडलो, आणि घरी जाऊन काकूंना तुझं वाक्य माझंच असल्यासारखं नाही, तुझ्या नावानं सांगितलं, याचा मला अजून अभिमान आहे. पुढे तू इथंच शिकवायला लागलीस, आणि प्रत्येक तुकडीला तो परिच्छेद लिहायला लावायचीस. तास संपल्यावर पोरं बाहेर येऊन कुरकुरायची, बाई आपल्याच हातानं आपल्याला पाडायला लावतात.

मग विभाग आटला. कंत्राटी माणसांना पत्रं गेली, त्यात तुला. तू माझ्या दारात उभी राहून म्हणालीस, "सर, आता शंका कुणाला विचारू?" मी म्हटलं, फोन आहे की. फोनवर तू एकदाही शंका विचारली नाहीस. काय करतेस म्हटलं की 'घरून लिहायची कामं'. कुणाची, म्हटलं तर 'ज्याची असतील त्याची'. मला ते उत्तर तेव्हा विनोदी वाटलं होतं. त्या पाच निबंधांसमोर उभा राहून ते मला पुन्हा ऐकू आलं. बैठकीत मी तुझं नाव घेतलं नाही. वकीलबाईंनी विचारलं, ओळखीची चाल वाटते का? मी म्हटलं, बघतो. घरी काकूंना तेवढं सांगितलं. त्या औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवत होत्या. त्या म्हणाल्या, "ती? ती वाण्याला सुटे पैसे परत करायला दोनदा जाईल. आधी विचारा, मग आ वासा."

विचारायचं ठरवलं ते विद्यार्थ्यांना. प्रत्येकाशी समितीसमोर थोडं बोलायचं, कॅमेरा सुरू ठेवून. टक्केवारीचा आग्रह होता की बोलताना डोळे कुठे वळतात ते मोजणारं यंत्र लावू. मी म्हटलं, बाबा रे, विचार करणारा माणूस छताकडेच बघतो, उगाच सगळे शहाणे पकडले जातील. पहिला आला तो सोफेवाला. म्हणजे वडिलांचं सोफ्यांचं दुकान आहे आणि तो दुकानातूनच बसला होता, प्लॅस्टिकचं वेष्टणही न काढलेल्या भल्यामोठ्या सोफ्यावर, त्यामुळे हलला की करकर आवाज. केस असे की कंगव्यानं राजीनामा दिला असावा. मनात म्हटलं, हा लिहिणार? मी त्याचाच पूर्वपक्ष त्याच्यावर टाकला. त्यानं तो झेलला, वर म्हणाला, "सर, तुम्ही अजून नीट मांडत नाही आहात. थांबा, मी तुमच्या बाजूनं सांगतो." आणि सांगितलं! गिऱ्हाइकाला सोफा पटवावा तसं. वकीलबाईंनी चष्मा काढला. मी विचारलं, हे कुठे शिकलास? तो म्हणाला, "हे काय सर, व्हिडिओतल्या बाईंनी शिकवलं ना." कुठल्या बाई? "नाव नाही माहीत. चेहरा नाही दिसत, नुसता आवाज. एकदम खाली असतात बघा, जादा साहित्यात. कुणी उघडत नाही. मला दुकानात दुपारी काम नसतं."

हा दुसरा धक्का. अभ्यासक्रमाचं साहित्य एक वेगळा विभाग तयार करतो. माझ्याकडे प्रश्नपत्रिका आणि दुसरं वर्ष, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या त्या तळघरात मी कधी उतरलो नव्हतो. जेवणाच्या सुट्टीत उतरलो. डबा उघडा, घास हातात, आणि कानात तू. झेरॉक्सच्या खोलीशेजारी बसून तू आजारी विद्यार्थ्यांसाठी जे धडे रेकॉर्ड केले होतेस तेच ते. तुझा चेहरा कापून त्यावर निळ्या पाट्या फिरवल्या आहेत. खाली लिहिलंय: निर्मिती, शिक्षणसाहित्य विभाग. तुझं नाव सुरुवातीला नाही, शेवटाला नाही. पण तू मधे म्हणतेस ते कापायचं त्यांना सुचलेलं नाही: "ही पूर्वपक्षाची रीत माझ्या सरांची आहे. शेवटचा परिच्छेद मात्र माझा, तेव्हा त्याच्यासाठी शिव्या मला द्या." ज्या बाईनं दुसऱ्याचं श्रेय एवढं चोख दिलं, तिचं 'माझा' कुणाचं ते आता कुणालाच कळायला मार्ग नाही. डबा तसाच राहिला. दुपारभर मी पुढच्या तिघांशी बोललो. तिघांनीही तू शिकवलेलं स्वतःचं करून मांडलं. शेवटच्या परिच्छेदाचं विचारलं तर एक बँकेतली मुलगी म्हणाली, तो लिहिताना तिचं मतच बदललं, सगळा निबंध फाडून पुन्हा लिहिला.

म्हणजे बघ, आम्ही ज्याला चोरी म्हणून पकडलं होतं ते शिक्षण होतं. आणि चोरी होती, पण ती आमच्या घरात होती. दुसऱ्या दिवशी समितीत मी नियमावली उघडून व्याख्या मोठ्यानं वाचली: दुसऱ्याचं काम त्याचं नाव न देता आपलं म्हणून सादर करणं. मग ते रेकॉर्डिंग लावलं. टक्केवारी खाली मान घालून बसला, त्याला त्या पाट्या चढवण्याचं काम कुणी दिलं होतं हे ठाऊक असावं. कुलसचिव शांतपणे म्हणाले, "पगार दिला होता त्यांना." मी म्हटलं, पगार कामाचा दिला, नावाचा नाही. ते म्हणाले, "सर, तुम्ही जी वाचताय ती नियमावली विद्यार्थ्यांसाठी आहे." वकीलबाई इतक्या हसल्या की त्यांना माइक बंद करावा लागला. कुलसचिवांना कशाला हसतात ते कळलंच नाही, हे पाहून मला हसू येईना. चौघं विद्यार्थी मात्र सुटले. तुझ्या नावाचा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

त्या संध्याकाळी मी काकूंना दुकानातून आणायला चालत गेलो, जे मी कधी करत नाही. सगळं सांगितलं. "मग? सांगितलं नव्हतं?" एवढंच बोलल्या आणि पिशवी माझ्या हातात दिली. वाटेत मी मनातल्या मनात तुझी क्षमा मागत होतो. तुझं नाव परत मिळवून, ते त्या निळ्या पाटीवर चढवून, मग तुला फोन करायचा आणि आश्चर्याचा धक्का द्यायचा, असा माझा बेत होता. धक्के देण्याचं काम माझ्याकडे आलंय असं मला त्या एका संध्याकाळी वाटलं.

पाचवी राहिली होती. तिला मी विसरलोच होतो म्हण ना. निव्वळ उपचार म्हणून बोलावलं. विम्याच्या कार्यालयात काम करते, कार्यालयाच्याच जिन्यात बसली होती, गुडघ्यांवर लॅपटॉप. मागून माणसं चढत-उतरत होती, आणि दर वेळी ती पडदा अर्धा मिटायची. मी कौतुकानं म्हटलं, तुम्हीही त्या व्हिडिओतल्या बाईंच्याच ना? ती म्हणाली, कुठला व्हिडिओ? मी तिचाच पूर्वपक्ष विचारला. तिला सांगता येईना. शब्द वाचल्यासारखे आठवायची आणि थांबायची. वकीलबाई पुढे सरसावल्या, पण मी त्यांना थांबवलं आणि विचारलं, बाळ, का घेतलंस विकत? मला वाटलं, रडेल. रडली नाही, चकित झाली. म्हणाली, "सर, तुम्ही वाचलात? मला वाटलं, कुणी वाचतच नाही."

मग तिनं सांगितलं, आणि सांगताना उलट तिलाच आमची दया येत होती असं मला वाटलं. पहिला निबंध तिनं जिवाचं रान करून लिहिला, मुलाला आईकडे ठेवून. परीक्षकाचा शेरा आला: 'आपले विचार मौलिक आहेत, मांडणीकडे लक्ष द्यावे.' तिला इतका आनंद झाला की तिनं तो नवऱ्याला वाचून दाखवला. मग तिनं मांडणीवर मेहनत घेतली. दुसऱ्या निबंधावर शेरा: 'आपले विचार मौलिक आहेत, मांडणीकडे लक्ष द्यावे.' तिच्या मैत्रिणीच्या निबंधावर: 'आपले विचार मौलिक आहेत.' मैत्रिणीनं तर अर्धा निबंध उचललेला होता. टक्केवारीनं तिथल्या तिथे यंत्र लावून पाहिलं. त्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाचे विचार मौलिक होते, अक्षरशः, स्वल्पविरामासकट. आमचं यंत्र आजवर फक्त विद्यार्थ्यांचं लिखाण तपासत आलं होतं. परीक्षकांचं तपासावं हे कुणाच्या मनातही आलं नाही. ती म्हणाली, "तुमच्या बाजूलाही कुणी नाही म्हटल्यावर माझ्या बाजूला मीच का असावं, सर?"   मी इतकी वर्षं वादशास्त्र शिकवतो आणि जिन्यात बसलेल्या एका मुलीनं पूर्वपक्ष असा मांडला की मला तो मान्य करण्याखेरीज काही उरलं नाही.

कुलसचिवांनी विचारलं, लिहून कुणी दिला? तर म्हणाली, ते सांगणार नाही, बाईंना शब्द दिलाय. ही सवलत हातची जाईल, वर्ष जाईल, असं मी तीनतीनदा बजावलं. "बाई चांगल्या आहेत हो," ती म्हणाली. "मी निबंध मागितला, त्यांनी दिला. पण मग त्या फोन ठेवेचनात. म्हणाल्या, थांब, तुला समजावते, तू का असं म्हणतेस ते तुला माहीत असायला हवं. मी म्हटलं, बाई, मला वेळ नाही. तर परत फोन. शेवटचा परिच्छेद त्यांनी लिहिलाच नाही. म्हणाल्या, हा विकत मिळत नाही, कुठे चुकत असशील ते तुझं तुलाच लिहावं लागेल. मी कुठून लिहिणार? तसाच पाठवला."

मी पडद्याकडे बघत राहिलो. कुणीतरी मला हाक मारत होतं, सर, सर, ऐकू येतंय का. त्या फोनबद्दल तिनं एकेक शब्द सांगितला तसतसा मला तुझा चेहरा दिसत गेला, हात वर केलेला. आयता माल विकायला बसायचं आणि गिऱ्हाइकाला शिकवल्याशिवाय सोडायचं नाही, असा धंदा या जगात दुसरं कोण करेल? चोरीचा माल ओळखायची माझी खूण त्याच एका निबंधात नव्हती, कारण ती तू विकायला काढली नव्हतीस. तेवढी एक गोष्ट तू राखून ठेवलीस, आणि बाकी सगळी दिलीस. काकूंना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांनी रोज विचारावं आणि मी रोज 'बघतो' म्हणावं, असं चाललंय. मला राग यायला हवा, आणि तो येतोही, पण कुणावर ते ठरत नाही. एकदा तुझ्यावर, मग कुलसचिवांवर, मग त्या शेऱ्यावर, आणि सगळ्यांवरून फिरून तो परत येऊन माझ्या खोलीत बसतो. तू त्या मुलीला जे दिलंस ते चूकच आहे, हे मी तुला सांगायला नको. फोनवर पुन्हा पुन्हा तिला समजावू बघणाऱ्या बाईला ते माझ्याआधी कळलं होतं.

हे पत्र लिहिण्याचं कारण असं की सोमवारी सकाळी समिती पुन्हा बसणार आहे. तिथे मला दोन गोष्टी मांडायच्या आहेत: त्या रेकॉर्डिंगमधला आवाज कुणाचा, आणि पाचवा निबंध कुणी लिहिला. पहिलीच मांडली आणि दुसरी गिळली, तर तुझं नाव तुला मिळेल आणि ती मुलगी पटावरून जाईल. दोन्ही मांडल्या तर कुलसचिव म्हणतील, निबंध विकणाऱ्या बाईला कसलं नाव, आणि ते निळी पाटी आणखी घट्ट बसवतील. मला त्यांच्याशी भांडावं लागेल, आणि मी जिंकेनच असं नाही. तरी एक दाखवून एक झाकणं मला जमायचं नाही. विद्यापीठानं तुझं नाव पुसलं ते तुला न विचारता. या निबंधावरून मात्र ते तू आपल्या हातानं पुसलं आहेस. म्हणून तूच ये. बैठकीत शिरायचा दुवा तुझ्या फोनवर पाठवतो आहे. तिथे फार बोलू नकोस, शंका तर मुळीच काढू नकोस. 'तो निबंध मी लिहिला,' एवढंच बोल. तूच कबूल केल्यावर ती मुलगी दिलेल्या शब्दातून सुटेल, तुझं नाव सांगेल, आणि तिला पुन्हा लिहायची संधी मिळेल. त्यापुढे तुझं काय होईल ते मला सांगता येत नाही. शेजारच्या चौकोनात मी असेन, कॅमेरा सुरू ठेवून, एवढं सांगतो. ते वाक्य मला पाठ आहे, पण ते तुझं आहे. तू आली नाहीस तर मला ते म्हणावं लागेल, आणि म्हणताना कुणाचं आहे हेही सांगावं लागेल. दुसऱ्याचं वाक्य बोलायची मला एवढी एकच रीत येते.

तुझाच,
मास्तर